आत सभासद आहे

४ फेब्रुवारी

भिंगरी,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी रागाचं उरकून घेते. काल पालिकेचं पत्र आलं. आपल्या बागेचं ते सुशोभीकरण करणार आहेत. हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला आणि दर वेळी डोकं जास्तच तापलं. आधीच शोभणाऱ्या बागेचं सुशोभीकरण म्हणजे काय, तर पुढच्या बाजूला रंगीत दिवे, नाचतं कारंजं आणि तिकिटाची खिडकी. मागची बाजू सपाट करून मोटारी उभ्या करायची सोय. म्हणजे चकवा जाणार.

हे वाक्य लिहून झाल्यावर मी उठून पाणी पिऊन आले. तू लहानपणी चकव्यात हरवायचीस ते राहू दे, सगळेच हरवतात, त्यासाठीच तो आहे. डोक्याच्या वर जाणाऱ्या झुडपांच्या भिंती, त्यांच्यामधून वळणावळणाच्या वाटा आणि मधोमध एक दगडी बाक. ज्यांनी तो लावला त्यांना जाऊन कैक पिढ्या झाल्या. झुडूप काही इतिहास म्हणून गप्प उभं राहत नाही, वर्षभर कात्री लागली नाही तर वाटा बुजून जातात. आमच्या मंडळाने, म्हणजे वर्गणी भरून वर पुन्हा स्वतःच राबणाऱ्या शंभरेक खुळ्यांनी, कात्री चालू ठेवली म्हणून चकवा आहे. जमीन पालिकेची, मेहनत आमची, असा हा संसार आजवर चालला. आता पालिकेला घटस्फोट हवाय.

पंधरा मार्चला सुनावणी आहे. चिटणीस म्हणून मी बोलेनच, पण मी पडले शाळेतली शिवणाची बाई, तीही निवृत्त. मी तोंड उघडलं की साहेब लोक घड्याळ बघतात. तू बागा आखणाऱ्या ऑफिसात आहेस, नावापुढे पदवी आहे. तू ये आणि बोल. तू जन्मलीस त्याच आठवड्यात मी तुला सभासद करून घेतलं होतं. दादा तेव्हा हसला होता, म्हणाला, पोरीला अजून मान धरता येत नाही.

फोन करू नकोस. फोनवर तू ‘हो आत्या, हो आत्या’ म्हणतेस आणि ठेवलास की विसरतेस. कागदावर उत्तर दे.

आशीर्वाद आहेतच.
आत्या


१५ फेब्रुवारी

आत्या,

पत्र मिळालं. राग पाकिटाबाहेरूनच कळत होता, पोस्टमनने लांबूनच हात पुढे केला.

मार्चमध्ये सुट्टी मिळणं अवघड दिसतंय. ऑफिसात एक मोठं काम आलंय आणि या वेळी आराखड्यावर माझं नाव येणार आहे. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या नावाखाली झाडं काढत होते, त्यामुळे मोठ्या साहेबांपुढे आत्ता सुट्टीचं नाव काढायला जीभ रेटत नाही. येणारच नाही असं म्हणत नाहीये.

तोवर मला थोडी माहिती पाठव. पाण्याची जुनी नळवाहिनी नेमकी कुठून जाते? तळ्याच्या पायऱ्या कुठे खचल्या आहेत? चकव्यातली झुडपं सगळी एका वयाची आहेत की मधे कधी नव्याने लावली?

आणखी एक, रागावू नकोस. बागा बदलतातच. सगळंच्या सगळं वाचवायला गेलेल्यांच्या हाती शेवटी काहीच न उरलेलं मी इथे पाहिलंय. पुढची बाजू देऊन मागची राखता येत असेल तर विचार करायला काय हरकत आहे?

तुझा गुडघा कसा आहे?

भिंगरी


२३ फेब्रुवारी

भिंगरी,

हरकत आहे. पुढची बाजू दिली की ते मागची मागतील, आणि मागची दिली की आम्हाला बाकावर टेकायला परवानगी काढावी लागेल. जन्मभर मुलींना शिकवलंय मी, कापड कापण्याआधी विचार करायचा असतो, नंतर नाही.

पण तुझे प्रश्न वाचून जीव सुखावला. आमच्या बागेबद्दल इतकं खोलात कुणी कधी विचारलं नव्हतं. मी ते मंडळाच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवले. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोरगी कसून तयारी करतेय. तर घे सगळं.

नळवाहिनी उत्तरेच्या भिंतीला धरून येते आणि तळ्यापाशी वळते. पायऱ्या खचल्यात त्या पूर्वेकडच्या. ओल्या असल्या की पाय ठरत नाही, म्हणून तिथे मी दोरी बांधलीय.

झुडपांची एक गंमत आहे. ती तुला सांगते, बाहेर नको. तू शाळेत होतीस तेव्हा कीड लागून चकव्याचा मागचा उजवा कोपरा पार वाळून गेला होता. मंडळाच्या खोलीत मूळ आराखडा काचेत लावलेला आहे, त्यावरून मी माझ्या शिवणाच्या पातळ कागदावर नक्कल उतरवली. त्या कागदाला सुलट-उलट नसतं, रेघ दोन्हीकडून दिसते. खुंट्या ठोकायला आमचे कंपाउंडर उभे. वाऱ्याने कागद फडफडला आणि त्यांनी तो पकडला पाठीकडून. दिवसभर आम्ही त्याबरहुकूम दोऱ्या ताणल्या, रोपं लावली, आळी केली, पाणी घातलं आणि आपल्यावरच खूश होऊन घरी गेलो. कोपरा उलटा लागला होता. डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं. लक्षात आलं तेव्हा रोपांनी मुळं धरली होती आणि उपटायला एकाचाही हात उठेना.

आणि खरं सांगू, त्यामुळे चकवा सुधारलाय. पूर्वी हुशार माणूस डावा हात भिंतीला लावून चालत सुटला की हमखास बाकाशी पोचायचा. आता तो फिरून फिरून जिथून शिरला तिथेच बाहेर पडतो. भले भले आम्ही असे तोंड पाडून परत येताना पाहिलेत. हसू दाबून ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणायचं काम माझं.

ही गोष्ट ठाऊक असलेले आम्ही थोडेच उरलोत. आता त्यांत तू.

तुझी खोली झाडून ठेवते. गुडघा आहे तसाच आहे, माझ्यासारखा हट्टी. सत्तावीसला दुपारी दात दाखवायला जायचंय, ते एक वेगळंच.

आत्या


१८ मार्च

तू आली नाहीस. तुझ्या ऑफिसाचा अहवाल आला.

पालिकेच्या अभियंत्याने तो उभं राहून वाचला. ‘चकव्याचा मागचा उजवा कोपरा मूळ आराखड्याप्रमाणे नाही.’ मग भिंतीवर दोन चित्रं टाकली, आपल्या काचेतल्या आराखड्याचं आणि शेजारी आजच्या चकव्याचं. अध्यक्ष म्हणाले, ‘म्हणजे बाई, तुम्ही ज्याला ऐतिहासिक म्हणता ते तुम्हीच लावलंय, तेही चुकीचं.’ सगळं सभागृह हसलं. कंपाउंडर माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी मान खाली घातली ती घरी जाईपर्यंत वर केली नाही. त्या माणसाने आयुष्यात कुणाचं वाकडं केलेलं नाही, भिंगरी.

नंतर रखवालदाराने सांगितलं की मागच्या महिन्यात, मी दात दाखवायला गेले होते त्या दुपारी, टेप घेऊन माणसं आली होती आणि त्यांच्यात तू होतीस. मला माहीतच असेल असं त्याला वाटलं. त्याच्यापुढे मला ‘हो, माहीत होतं’ म्हणावं लागलं.

म्हणजे माझ्या पत्राचं तू हे केलंस. पाणी कुठून येतं, मुळं कुठे आहेत, कुठे बोट घातलं की बाग उसवते, ते सगळं मी तुला विश्वासाने सांगितलं आणि तू ते तिकडे पोचवलंस. मला फार लागलंय. इतकं लागेल असं वाटलं नव्हतं.

ठराव झाला. एक एप्रिलला फाटकाला कुलूप आणि बाग ठेकेदाराच्या ताब्यात.

तुझं नाव सभासदांतून कमी केलं आहे. तशी सूचना नियमाप्रमाणे फाटकाजवळच्या फळ्यावर लावली आहे. दादाला मी काही बोललेले नाही. ते तू सांग.


२५ मार्च

आत्या,

हो. काम आमच्याच ऑफिसाकडे आहे आणि तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला ते माहीत होतं. मोजमापाला मी आले होते. तू नसशील अशी दुपार मुद्दाम निवडली.

आत राहून काहीतरी वाचवता येईल असं मला वाटलं. आणि आराखड्यावर माझं नाव येणार होतं, ते मला हवं होतं. दोन्ही खरं आहे. कुठलं जास्त खरं, ते मलाच सांगता येत नाही.

कोपऱ्याबद्दल मी लिहिलं, तेही खरं. पण मी लिहिलेलं वाक्य असं होतं: ‘चकव्याचा मागचा उजवा कोपरा मूळ आराखड्याप्रमाणे नाही, कारण कीड लागल्यावर तो सभासदांनी स्वतःच्या हातांनी पुन्हा लावला, आणि ज्या बागेला अशी माणसं अजून आहेत ती जिवंत वारसा म्हणून जपली पाहिजे.’ मोठ्या साहेबांनी पहिल्या स्वल्पविरामाचा पूर्णविराम केला आणि पुढचं खोडून टाकलं. मी विचारायला गेले तर म्हणाले, वाक्य फार लांब होतं. आणि मी मूग गिळून खुर्चीवर जाऊन बसले. कंपाउंडरकाकांची मान माझ्यामुळे खाली गेली हे तुझ्या पत्रात वाचल्यापासून मला जेवण जात नाही.

आता एक काम कर. ठरावाची प्रत काढ आणि शेवटचं पान वाच. ताबा दिला जाईपर्यंत बागेचे सध्याचे सर्व नियम लागू राहतील, असं तिथे आहे. ते कलम मसुद्यात मी घातलं होतं. इतकं लहान होतं की कुणी खोडलं नाही. मग फाटकावरची जुनी पाटी वाच. ‘आत सभासद असताना फाटकाला कुलूप लावू नये.’ पूर्वी कधीतरी चकव्यात हरवलेल्या एका सभासदाला रात्रभर कोंडलं गेलं, तेव्हापासूनची ती पाटी आहे, तूच सांगितलं होतंस.

ठेकेदाराला ताबा फक्त कुलूपबंद जागेचा घेता येतो. उघड्या जागेत त्याने यंत्र आणलं तर त्याचा विमा लागू होत नाही.

मला उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस. पाटी वाच.

भिंगरी


१४ एप्रिल

महोदया,

आपले २५ मार्चचे पत्र मिळाले. आपण मंडळाच्या सभासद नसल्यामुळे मंडळाचे कामकाज आपणांस कळवता येत नाही.

इथे सही करणार होते, पण सबंध पान कोरं राहतंय आणि कागद वाया घालवणं माझ्याच्याने होत नाही.

एकतीस मार्चच्या संध्याकाळी आम्ही आत गेलो आणि बाहेर आलो नाही. रखवालदार कुलूप घेऊन आला. तो पालिकेचा नोकर, आणि नियमाचा इतका पक्का की वेळ संपल्यावर स्वतःच्या बायकोलाही फाटकाच्या आत उभं करत नाही. मी पाटीवर बोट ठेवलं. त्याने ती वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि म्हणाला, ‘नियम आहे खरा.’ कुलूप खिशात गेलं. सकाळी ठेकेदार पत्रे, खांब आणि पिवळं यंत्र घेऊन हजर. कुलूप का नाही, म्हणून तो रखवालदारावर खेकसला. रखवालदार म्हणाला, ‘आत सभासद आहे.’ त्यावर ठेकेदाराने कुणाकुणाला फोन केले, आणि ज्याला करी तो दुसऱ्याचं नाव सांगे.

तेव्हापासून पाळ्या लावल्यात. डॉक्टरीणबाई दवाखाना आटोपून येतात आणि बाकावर बसल्या बसल्या लोकांचे दात बघतात. वाद्यं दुरुस्त करणारा आपली व्हायोलिनं घेऊन येतो. पालिकेने नळ तोडला. कुठे तोडायचा हे त्यांना कुणी सांगितलं, ते मी विचारत नाही. समोरच्या पाववाल्याने आपला नळ आम्हाला दिला आणि आम्ही बादल्या वाहून झुडपं जगवतोय. संडासाला टाळं लावलं तर त्याने आपल्या दुकानाचं मागचं दार उघडलं. एका अधिकाऱ्याने मला समजावलं की बाई, या वयात हे शोभत नाही. मी म्हटलं, शोभा तुम्ही आणताय ना, मग माझी काळजी कशाला.

रोज नवी माणसं सभासद व्हायला येतात. काल एक बाई आल्या, बाग त्यांनी कधी आतून पाहिलेली नव्हती. म्हणाल्या, ‘मला झाडांतलं ओ की ठो कळत नाही, पण हे लोक आमच्या गल्लीत काही करताना आम्हाला विचारत नाहीत, म्हणून आले.’ त्यांना पहाटेची पाळी दिली.

तुझं सबंध वाक्य मी कंपाउंडरांना वाचून दाखवलं. ते आता उलट्या कोपऱ्यात उभे राहतात आणि येणाऱ्याला सांगतात, ‘हा मी चुकवला.’ लोक त्यांच्याबरोबर फोटो काढतात.

कळावे. तुला काही कळवलं असा याचा अर्थ घेऊ नये.

चिटणीस


६ मे

पोरी,

मी कंपाउंडर. दवाखाना बंद होऊन जमाना झाला, पण लोक याच नावाने हाक मारतात म्हणून तसंच लिहितो. खोकल्याचं गोड औषध जास्तीचं मागायला तू यायचीस, तो मी.

तुझी आत्या तळ्याच्या पायरीवरून पडली. लोक पडू नयेत म्हणून तिने जी दोरी बांधली होती तिच्यातच पाय अडकला. हे तिला बोलून दाखवू नकोस, आम्ही कुणी दाखवलेलं नाही. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालंय. इस्पितळात खाटेवरून पाळ्या लावतेय आणि नर्सबाईंना सभासद करून झालंय. डॉक्टर म्हणाले की बोलणं कमी करा, तर त्यांनाच वर्गणी मागितली.

अडचण वेगळी आहे. शाळांना सुट्ट्या लागल्या, पुष्कळजण बाहेरगावी गेलेत. उरलेल्यांत ताप फिरतोय. आणि दहा तारखेला सकाळी पालिकेने आम्हा सगळ्या समितीला जबाबाला कचेरीत बोलावलंय. का, ते समजायला फार अक्कल लागत नाही. त्या सकाळी आत राहायला माणूस नाही. आत्याला सांगितलं तर ती खाटेसकट येईल, म्हणून सांगितलेलं नाही.

तू सभासद नाहीस हे मला ठाऊक आहे. मी नुसती रिकामी पाळी कळवतोय.

त्या कोपऱ्याचं मनात ठेवू नकोस. तू ‘जिवंत वारसा’ लिहिलं होतंस म्हणे. या वयात आपल्याला कुणी जिवंत म्हटलं की बरं वाटतं.

कंपाउंडर


१० मे

आत्या,

चकव्यातल्या बाकावर बसून लिहितेय. उठायला बघू नकोस, बाग आहे तिथेच आहे.

आधी ऑफिसचं सांगते. मोठ्या साहेबांनी मला मोटारींच्या जागेचा आराखडा काढायला सांगितला. मी तो चकवा जागच्या जागी ठेवून काढला. त्यांनी कागद परत केला. मी पुन्हा तसाच काढून दिला. मग त्यांनी मलाच घरी परत केलं. बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘तुम्हा दोघींना मी जन्मात आवरू शकलो नाही.’

आज सकाळी समिती तिकडे कचेरीत गेली आणि अभियंता इकडे आला, सुनावणीत अहवाल वाचणारा तोच. बरोबर ठेकेदार आणि रखवालदार. फाटकाशी कुणी दिसलं नाही म्हणून ते खुशीत आत शिरले. मी चकव्यात आहे हे रखवालदाराने सांगितल्यावर अभियंता मला शोधायला निघाला. डावा हात भिंतीला लावून चालत असावा, कारण त्याच्या बुटांचा आवाज जवळ यायचा आणि पुन्हा लांब जायचा. शेवटी तो झुडपापलीकडूनच ओरडला.

‘आत कोण आहे?’

‘सभासद.’

‘कधीपासून?’

‘तुम्ही या नोकरीत नव्हता तेव्हापासून.’

‘चौकशी केली तर नाव सापडेल का?’

‘खुशाल करा.’

मग त्याने रखवालदाराला विचारलं, ही बाई खरंच सभासद आहे का. आत्या, फळ्यावर तुझी ती सूचना अजून आहे, तुझ्या अक्षरात, माझ्या पूर्ण नावासकट. तो माणूस रोज फळा वाचतो. सकाळी मी आत येताना त्याने आधी फळ्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं होतं. आता तो खाकरला आणि मला वाटलं, संपलं. मग म्हणाला, ‘आत सभासद आहे, साहेब. कुलूप लावता येणार नाही.’

ठेकेदाराचं डोकंच फिरलं. त्याच्या माणसांचा महिना फुकट गेलाय आणि दुसरीकडे काम खोळंबलंय, असं तो अभियंत्याला ऐकवत होता. दुपारी त्याने पत्रे आणि खांब गाडीत भरले आणि पिवळं यंत्रही घेऊन गेला. आत्ता फाटकावर पालिकेचा कागद आहे, ‘पुढील आदेशापर्यंत काम स्थगित.’ तो आदेश कधी येईल कुणास ठाऊक. येईल तेव्हा कुणीतरी आत असलं पाहिजे.

मी खोटं बोलले आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाहीये. तुझ्यापासून लपवलं त्याचं वाटतं, ते वाटत राहील. मी सभासद नाही हे मला मान्य आहे. पाळी संपली की फाटकाबाहेर उभी राहीन.

भिंगरी


१३ मे

भिंगरी,

नर्सबाई पेन काढून घ्यायला टपल्यात, म्हणून थोडक्यात.

तुझं पत्र मी समितीला वाचून दाखवलं. सगळे खाटेभोवती उभे होते, डॉक्टरीणबाई तेवढ्या खाटेवरच बसल्या, माझ्या चांगल्या पायाच्या बाजूला. रखवालदाराचा मजकूर आला तेव्हा मला वाचवेना, तो कंपाउंडरांनी वाचला. तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला असणार. त्याला आम्ही काही विचारणार नाही, आणि तूही विचारू नकोस.

तुझा अर्ज नसताना तुला पुन्हा सभासद करून घेतलं आहे, बारा मेपासून. सूचना फळ्यावर लागेल, आधीची काढून नव्हे, तिच्या खाली.

दहा तारखेचं काय करायचं यावर बरीच चर्चा झाली. वाद्यवाल्याचं म्हणणं पडलं की मागच्या तारखेने नोंद करू, म्हणजे खोटं खोटं राहणार नाही. सगळे हो म्हणाले. मी नाही म्हटलं. त्या सकाळी बाग राखली ती आमच्यातल्या कुणी राखली नाही. जिचं नाव मी स्वतःच्या हाताने कापलं होतं तिने राखली, आणि ते कुणी नीटनेटकं करू नये, असं मी सांगितलं. डॉक्टरीणबाई रडल्या, तसं त्यांना काहीही पुरतं.

माझा राग अजून पुरता गेलेला नाही. तो असेल काही दिवस, तुला सांभाळून घ्यावं लागेल. रखवालदाराकडे तुझ्या खोलीची किल्ली ठेवलीय. गुरुवारची पाळी तुझी आहे. उलट्या कोपऱ्याची छाटणी राहिलीय, ती खालून रुंद आणि वर निमुळती अशी कर, म्हणजे बुंध्यापर्यंत ऊन पोचेल, आणि डावं-उजवं कंपाउंडरांना विचारू नकोस.

आत्या